टॅबलेटसाठी डॅक निवडताना
मंडळी, आजकाल बऱ्याच टॅबलेटना हेडफोनचं भोकच नसतं, म्हणून घरच्या स्टिरिओसाठी आपण बाहेरचा डॅक शोधतो. जाहिरातीत ३८४ किलोहर्ट्झचे आकडे दिसतात. पण माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं. त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणजे सीडीचे ४४.१, आपल्याला ऐकायला पुरतात. मग पाहायचं काय? एक, वेगळा ड्रायव्हर न टाकता डॅक टॅबलेटवर चालतो का. दोन, तो वीज कुठून घेतो. टॅबलेटकडून ओढत असेल तर बॅटरी लवकर उतरते, कधी टॅबलेट त्याला नाकारतोही. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला बरा. तीन, अ‍ॅम्प्लिफायरसाठी लाइन-आउट आहे का. एवढं जमलं की थांबू. उरलेले पैसे स्पीकरवर घालू, फरक तिथे जास्त ऐकू येतो.