सुगीनंतरची संमेलनं

भाताची सुगी आटोपली, मळणी होऊन पोती घरात आली, की बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत मराठी साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, सांबरा, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, बेळगुंदी... सगळी शेतकऱ्यांची गावं, आणि प्रत्येकाचं संमेलन स्वतःचं! कडोलीची परंपरा तर चार दशकांच्या घरातली.

ही गावं कर्नाटकात आहेत, हे लक्षात घेतलं की थक्क व्हायला होतं. 1946 साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने तिथेच जोर धरला. पण 1956च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव गेलं तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. पुण्या-मुंबईचे प्रकाशक आधीच लांब होते. आता मधे राज्याची हद्दही आली. लिहिणाऱ्यांची इथे कधीच वाण नव्हती. इंदिरा संतांचं आयुष्य बरंचसं बेळगावात गेलं, तर रणजित देसाई जवळच्या कोवाडला राहून लिहीत होते. पण नव्याने लिहू लागलेल्या पोराला ऐकणारं माणूस कुठून मिळायचं? ते गावाने अंगावर घेतलं.

दिवस सुरू होतो ग्रंथदिंडीने. दारोदार सडा-रांगोळी झालेली असते. पुढे लेझीम खेळणारी शाळेची मुलं, मागे टाळमृदंग घेतलेलं भजनी मंडळ, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका आणि मधे पालखी. पालखीत ग्रंथ! गावदेवाला जो मान, तोच पुस्तकांना. कुद्रेमनीच्या संस्थेचं नावच बलभीम साहित्य संघ आहे आणि बेळगुंदीच्या अकादमीने रवळनाथाचं नाव घेतलंय. यात मला भाबडेपणा दिसत नाही. ज्या रीतीने पिढ्यान्‌पिढ्या जत्रा उभी राहिली, त्याच रीतीने गाव साहित्यही उभं करतंय. लोकवर्गणी निघते, तरुण मंडळी मांडवाला खांदा देतात, दुपारी पाहुण्यांसोबत सगळा गाव जेवायला बसतो.

मग भाषणं, परिसंवाद आणि माझ्या मते या संमेलनांचा जीव असलेलं कथाकथन. त्याला पुस्तक विकत घ्यावं लागत नाही, वाचता आलं पाहिजे असंही नाही. काल शेतात राबलेली म्हातारी आज पुढच्या रांगेत बसून कथा ऐकते, हसते, डोळे पुसते. शहरातल्या सभागृहात येतो तो बहुधा आधीपासूनचा वाचक. इथे माणूस येतो तो आपल्या गावचं कार्य म्हणून, आणि ऐकता ऐकता रसिक होतो.

शेवटी कविसंमेलन. बाहेरून आलेल्या नावाजलेल्या कवीनंतर त्याच माईकसमोर पंचक्रोशीतली एखादी मुलगी उभी राहते आणि आपली पहिली कविता म्हणते. समोर तिचे आईबाप असतात, शाळेचे गुरुजी असतात, भाऊबंद असतात. कविता छापून यायला वर्षं लागतील. पण या पोरीला लिहिता येतं, हे त्या संध्याकाळी अख्ख्या गावाला कळलेलं असतं.