खाऱ्या हवेतला डबल बेस

१९३५ साली लिऑन अॅबीचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजू लागला आणि मुंबईला जॅझची गोडी लागली. पुढे चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकांनी तो मंच गाजवला. ट्रम्पेटवाल्यांची नावं लोकांच्या तोंडी राहिली. मागे उभं राहून सगळ्यांचा ताल आणि स्वर सावरणारा डबल बेसवाला मात्र कुणाला फारसा आठवत नाही. जॅझचं अंग ज्यावर उभं राहतं ते हे वाद्य. माणसाच्या उंचीचं, चार तारांचं. सर्वांत खालची तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा कंप पावते.

अस्सल लाकूड कोरून केलेला बेस घ्यायचा तर बजेट लाखांत जातं. म्हणून साधा वादक प्लायवूडचा घेतो, आणि घेताना उगाच ओशाळतो. शिकागोच्या के कंपनीने १९३७पासून असेच बेस बनवले आणि कितीतरी शाळांनी, नाचाच्या बँडांनी ते वर्षानुवर्षं वाजवले. पालघरजवळच्या माहीमसारख्या गावात, एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे ओलसर पानमळे असताना, माझ्या मते प्लायवूडच खरी निवड. कोरीव लाकडाचा एकसंध तक्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो आणि शेवटी तडकतो. प्लायचे थर एकमेकांच्या आडवे चिकटवलेले असल्यामुळे एकमेकांना धरून ठेवतात.

वाचलेले पैसे घोडी आणि तारांवर घालावेत. घोडीच्या पायांत पितळी चाकं बसवून घेतली की आषाढात वर चढलेल्या तारा हाताने खाली आणता येतात. तारा पोलादी घ्याव्यात; आतड्याच्या तारांचा आवाज गोड, पण त्या दमटपणा पितात आणि सूर सोडतात. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने पुसाव्यात, नाहीतर खारी हवा त्यांना गंज चढवते. खुंट्यांच्या दातऱ्यांवर तेलाचा थेंब पुरतो.

पोटात एक बारीक दांडी उभी असते, साउंडपोस्ट. ती चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानेच जागेवर राहते. म्हणून तारा बदलताना चारही एकदम सोडू नयेत, एकेक करून बदलाव्यात. दांडी पडली तर आवाज बसतो आणि ती उभी करायला कारागीरच लागतो.

कड उसवली तर गावच्या सुताराकडे नेण्याआधी त्याला एक गोष्ट बजावावी: सरसच लाव, पांढरा गोंद नको. सरस गरम पाण्याने सुटतो. गोंदाने जोडलेली कड पुन्हा उघडायची वेळ आली की लाकूडच फाटतं.

पावसाळ्यात बेस खोळीत कोंडू नये, भिंतीला टेकवू नये. आत बुरशी धरते. आतली धूळ काढायला पुढच्या फटीतून मूठभर कोरडे तांदूळ टाकतात, वाडा कोलम असो की साधे. बेस आडवा करून हळूहळू हलवायचा, मग पालथा धरून तांदूळ बाहेर काढायचे. दाण्यांबरोबर धुळीचे करडे गोळे पडतात. हे काम एकट्याने करू नये. एकाने मान धरावी, दुसऱ्याने पोट.