ट्रॉलीच्या चाकाचे बेअरिंग : ओळख आणि दुरुस्ती



बैलगाडीचा आख कुरकुरला की घरातली जुनी माणसे आधी वंगण शोधत, मग बैल जुंपत. आज साखरखेर्डा, शेंदुर्जन, लव्हाळा या बाजूला ओझे ओढायला ट्रॅक्टर-ट्रॉली आली. आखाच्या जागी बेअरिंग आले; पण ट्रॅक्टरच्या आवाजात त्याची कुरकुर कोणाला ऐकू येत नाही. मग एखाद्या रात्री भरल्या उसासकट ट्रॉली रस्त्यात बसते. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो, टोळी बसून राहते. आणि अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून एखादा मोटारसायकलवाला आदळला, तर ते नुकसान कशानेच भरून निघत नाही. म्हणून हंगामाआधी करावयाच्या या कामाची माहिती येथे देत आहोत.

ट्रॉलीच्या हबमध्ये सहसा निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगे असतात. आतले मोठे, बाहेरचे लहान, तोंडे एकमेकांच्या उलट. रोलरसकट जो भाग आखावर बसतो तो कोन, आणि हबमध्ये ठोकून बसवलेली कडी तो कप. अमेरिकेतले घोडागाड्या बनवणारे कारखानदार हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली अशा बेअरिंगचे पेटंट घेतले. ओझ्याची गाडी वळली की चाकावर वरून वजन आणि बाजूने रेटा, दोन्ही येतात. निमुळता रोलर दोन्ही पेलतो.

दुखणे कसे ओळखावे?

पहिली खूण उष्णतेची. दहा-बारा किलोमीटर चालल्यावर प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू न्या. एकच हब इतरांपेक्षा जास्त तापले असेल, तर संशय घ्या. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर दोष बहुधा बेअरिंगचाच.

दुसरी खूण हाताची. ट्रॉली रिकामी करा, सपाट जागी बाकीच्या चाकांना दगड लावा, जॅकने चाक उचला आणि आखाखाली भक्कम लाकडी ठोकळा द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये. चाक वर-खाली धरून हलवा. डगडगले तर प्ले आला आहे. मग फिरवून बघा. खरखर लागली तर रोलर किंवा कप गेला.

येथे एक चूक आम्ही वारंवार पाहतो. प्ले दिसला की पाना घेऊन नट गच्च आवळायचा! प्ले जातो खरा, पण रोलरला फिरायला जागाच उरत नाही. ग्रीस जळते आणि बेअरिंग जाम होते. आधी खोलून बघा, मगच आवळा.

दुरुस्ती

टोपी, स्प्लिट पिन, नट, वायसर काढून हब ओढा. बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुऊन कोरडे करा. हवेच्या नळीने गरगर फिरवू नका, रोलर उडून इजा होते. रोलर निळसर पडले असतील तर ते तापले होते. कपावर खड्डे वा पापुद्रे दिसले तर ते झिजले. गंजाच्या रेघा दिसल्या तर पाणी शिरले होते. पावसाळाभर ट्रॉली शेताच्या बांधावर एकाच जागी उभी राहते, त्याचे हे फळ.

असे काही दिसले की कोन आणि कप दोन्ही बदला. जुन्या कपात नवा कोन म्हणजे पैसे पाण्यात. कप पितळी दांड्याने, चहूबाजूंनी थोडा थोडा ठोकत बसवावा. पूर्ण बसला की ठोक्याचा आवाज बदलतो. ऑइल सील नवीनच घाला. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या फटींतून वर येईपर्यंत दाबा. हबची पोकळी मात्र ठासून भरू नका, अर्धी पुरे.

शेवटी चाक फिरवत नट आवळा. चाक जड झाले की पाव फेऱ्याच्या आत नट मागे घ्या. चाक मोकळे फिरावे, पण डगडगू नये. पिनेचे भोक जुळवून नवी पिन घाला. पहिल्या दहा किलोमीटरनंतर हब पुन्हा चाचपा.

मोटारीबद्दल थोडेसे

आजच्या बहुतेक मोटारींत बंद बेअरिंग असते. त्यात ग्रीस भरता येत नाही, ते बदलावेच लागते. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ अशी घरघर ही त्याची खूण. रस्ता बदलला की आवाज बदलत असेल, तर तो टायरचा. उजव्या वळणावर घरघर वाढली तर सहसा डाव्या चाकाचे बेअरिंग गेलेले असते, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो.

बेअरिंग एकाएकी दगा देत नाही. आधी तापून, डगडगून, खरखरून सांगते. मोळी पडण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या ट्रॉलीसाठी एक दिवस काढावा, ही विनंती.