घरच्या कॉम्प्युटरवरचा हिशोब बाहेरून बघायचाय? राउटरचा पोर्ट उघडू नका, स्वतःचा व्हीपीएन लावा



व्हिडिओत आपण सेटिंग कसं करायचं ते पाहिलं. इथे त्यामागचं कारण समजून घेऊ, कारण ते एकदा कळलं की सेटिंग सहसा चुकत नाही.

समजा, तुमचा कपड्यांचा व्यवसाय आहे. ऑफिस म्हणजे ठाण्यातल्या घरातली एक खोली. तिथल्या कॉम्प्युटरवर टॅली आहे, बिलांच्या पीडीएफ आहेत, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही त्याच नेटवर्कवर आहे. तुम्ही माल घ्यायला सुरतला गेलात आणि एका पार्टीची उधारी किती राहिली ते आत्ता बघायचंय. काय कराल?

सोपा वाटणारा, पण महागात पडणारा रस्ता

बरेच जण राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून घेतात. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट ३३८९. तो उघडला की बाहेरून घरचा कॉम्प्युटर दिसतो. दहा मिनिटांचं काम.

पण हा दरवाजा फक्त तुमच्यासाठी उघडत नाही, सगळ्या जगासाठी उघडतो. उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात. तुमचा धंदा लहान की मोठा, हे ते बघत नाहीत. दरवाजा सापडला की पासवर्डवर पासवर्ड लावून बघतात. कधी पासवर्डचीही गरज पडत नाही: २०१९ मध्ये जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये 'ब्लूकीप' नावाची अशीच फट सापडली होती. कॅमेऱ्यांचंही तेच. २०१६ च्या 'मिराई' हल्ल्यात कंपनीने दिलेला पासवर्ड कधीच न बदललेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर वापरले गेले.

एकदा कुणी आत शिरलं की रॅन्समवेअर टाकून सगळ्या फाइल्स लॉक करतात आणि पैसे मागतात. जीएसटी रिटर्न भरायच्या आदल्या दिवशी टॅली उघडलीच नाही तर? कुणाकडून किती येणं आहे, हेच तुम्हाला सांगता येणार नाही.

मग व्हीपीएन काय वेगळं करतो?

आधी एक गैरसमज काढून टाका. जाहिरातीत दिसतो तो व्हीपीएन म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून इंटरनेट वापरणं. आपल्याला तो नकोय. आपला व्हीपीएन म्हणजे तुमचा फोन आणि तुमचा घरचा कॉम्प्युटर यांच्यातला खाजगी बोगदा. आतून जाणारी माहिती एन्क्रिप्टेड, म्हणजे मधल्या कुणालाही न वाचता येणारी.

यासाठी सध्या बरीच वापरली जाणारी पद्धत म्हणजे वायरगार्ड. २०२० मध्ये ती लिनक्सच्या मूळ गाभ्यातच आली. प्रत्येक डिव्हाइसला चाव्यांची एक जोडी मिळते: एक खाजगी, जी डिव्हाइसबाहेर जात नाही, आणि एक सार्वजनिक, जी समोरच्याला द्यायची. ओळखीची चावी नसेल तर वायरगार्ड उत्तरच देत नाही. बाहेरून शोधणाऱ्याला तिथे काही आहे हेसुद्धा कळत नाही.

"सर, हे कायदेशीर आहे का?" हा प्रश्न नेहमी येतो. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांतला व्हीपीएनचा नियम लोकांना व्हीपीएन सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. कंपनीच्या आपल्या कामासाठीचा व्हीपीएन त्यात धरलेला नाही, असा खुलासा त्यांनी स्वतः केलेला आहे.

तुमच्या कनेक्शनवर कोणता मार्ग चालेल?

जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात जेमतेम ४२९ कोटी. ते पुरत नाहीत म्हणून अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात.

पब्लिक आयपी असेल तर वायरगार्ड थेट लावता येतो. त्यालाही एक यूडीपी पोर्ट लागतो, साधारणपणे ५१८२०, पण तो चावीशिवाय गप्पच असतो.

सीजीनॅट असेल तर टेलस्केल सोपं पडतं. आत वायरगार्डच आहे, पण राउटरला हात लावावा लागत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर आणि फोनवर ॲप टाका, एकाच अकाउंटने लॉगिन करा. प्रत्येक डिव्हाइसला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळतो, तोच रिमोट डेस्कटॉपमध्ये टाकायचा. मात्र धंद्यासाठी वापरताना त्यांच्या प्लॅनच्या अटी आधी वाचा.

लावताना हे विसरू नका

१. आधी उघडलेला पोर्ट बंद करा. नवं कुलूप लावून मागचं दार उघडं ठेवण्यात अर्थ नाही.

२. ज्या अकाउंटने लॉगिन करता त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. आता तीच तुमची मुख्य चावी आहे.

३. विंडोज होम एडिशनवर बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेता येत नाही, प्रो लागते. फाइल्स बघायला शेअर्ड फोल्डर चालतो.

४. कॉम्प्युटरचा स्लीप मोड बंद करा. टेलस्केलमध्ये 'रन अनअटेंडेड' चालू करा, नाहीतर विंडोजमधून लॉगआउट झालं की कनेक्शन तुटतं. घरच्या मशीनची की एक्स्पायरीही बंद करा, नाहीतर साधारण १८० दिवसांनी ते पुन्हा लॉगिन मागेल आणि तेव्हा तुम्ही नेमके बाहेरगावी असाल.

५. फोन हरवला किंवा कामगार सोडून गेला, तर ते डिव्हाइस त्याच दिवशी यादीतून काढा.

६. बॅकअप वेगळा ठेवाच. व्हीपीएन दरवाजा सांभाळतो. हार्डडिस्क गेली तर तो काही करू शकत नाही.

सगळं झालं की फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाईल डेटावरून टॅली उघडून बघा. घरच्या वायफायवर चाललं म्हणजे बाहेरून चालेलच असं नाही. ही चाचणी प्रवासाला निघायच्या आधी करा, स्टेशनवर पोचल्यावर नाही.

पुढच्या व्हिडिओत बॅकअपचं वेळापत्रक कसं लावायचं ते बघू. तोपर्यंत आजच राउटर उघडा आणि पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत काय काय आहे ते तपासा.