उंबराचे पाणी

मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिमेस सागरतीरावर उत्तन हे गाव आहे. १५३४ साली वसई प्रांत पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि पुढे या किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

त्या काळी युरोपात गुप्त विवाह होत असत. साक्षीदार नसल्यामुळे एखादा पुरुष दिलेले वचन नाकारी आणि स्त्री निराधार होई. म्हणून १५६३ साली ट्रेंट येथील धर्मसभेने नियम केला: विवाहाची घोषणा चर्चमध्ये आधी तीन वेळा व्हावी आणि धर्मगुरू व किमान दोन साक्षीदार यांच्यासमक्ष तो विवाह व्हावा.

हा नियम येथेही रुजला; परंतु जुन्या चाली सर्वस्वी लोपल्या नाहीत. त्यांना विरोधही झाला. गोव्यात तर १७३६ साली धर्मन्यायालयाने लग्नातील हळद लावणे व विडे वाटणे निषिद्ध ठरविले. तथापि, उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात लग्नाआधी स्त्रिया आजही वाजतगाजत विहिरीवर जातात आणि स्नानासाठी पाणी आणतात. यासच ‘उंबराचे पाणी’ म्हणतात.

चर्चमधील साक्षीदार असोत वा विहिरीवर जमलेले आप्तेष्ट, दोन्ही प्रथा एकच गोष्ट सांगतात: विवाह चोरून नव्हे, चारचौघांसमक्ष व्हावा.