कूस बदलण्याचा हिशेब

मेंदूच्या आजाराने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते. म्हणजे दिवसाला बारा वेळा; आणि रुग्ण अंगाने जड असेल तर हे काम एकटीचे नव्हे, दोघींचे. हवेच्या गाद्या आल्या, तरी ते संपलेले नाही. उत्पादकता वाढविण्याच्या शास्त्राला येथे हात टेकावे लागतात. कारण कारखान्यात तेच काम निम्म्या वेळात उरकले तर ती बचत ठरते. रुग्णाच्या खाटेशी तिला हयगय म्हणतात.

ठाण्याचे जिल्हा रुग्णालय असो, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो वा कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, पक्षाघाताचा रुग्ण दाखल झाला की परिचारिकेचे काम घड्याळाला बांधले जाते. बाहुल्यांवर बॅटरीचा झोत टाकून पाहायचे, हाका मारून प्रतिसाद जोखायचा आणि शुद्धीचे गुण ३ ते १५ या मापावर मांडायचे. हे माप १९७४ साली ग्लासगोत तयार झाले. गिळता येते की नाही याची खात्री होईपर्यंत घोटभर पाणीही द्यायचे नाही. ते श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया ठरलेला. नातेवाईक मात्र ‘सिस्टर, पाणीसुद्धा देत नाहीत’ म्हणून आवाज चढवितात. ज्याची वाचा गेली आहे त्याला काय हवे हे डोळ्यांवरून ओळखावे लागते, आणि या कामाची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

या सेवेचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात घडले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर पाशवी हल्ला झाला, मेंदूचा प्राणवायू तुटला आणि १८ मे २०१५ पर्यंत त्या तेथेच अंथरुणावर होत्या. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाले नाही, याचा गौरवाने उल्लेख केला. दिवसाला बारा या हिशेबाने साडेएक्केचाळीस वर्षांत कूस बदलण्याच्या खेपा पावणेदोन लाखांच्या वर जातात. परिचारिकांच्या किती पिढ्या त्यात खपल्या!

गौरव करणे स्वस्त असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकाऊ रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या केंद्रीय समितीने, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. शिफारस ही शिफारसच. अंमलबजावणी राज्यांवर सोपविलेली. २०२२ च्या मे महिन्यात तर राज्यातील शासकीय परिचारिकांना कंत्राटी भरतीविरुद्ध संप पुकारावा लागला.

रुग्णाला घरी सोडल्यावर प्रश्न उंबरठ्याच्या आत येतो. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या घरात, सून नोकरीला आणि मुलगा लोकलमध्ये, अशा वेळी ब्यूरोची बाई बारा तासांसाठी ठेवली जाते. बहुधा तिचे परिचर्येचे शिक्षण झालेले नसते, आणि रोजच्या पैशांतून ब्यूरोचा वाटा कापला जातो. नळीतून अन्न देताना रुग्णाचे डोके उंच हवे, हे तिला सांगणारे कोणी नसते. ती ते दुसऱ्या बाईकडून शिकते, आणि रात्रपाळीची बाई यायला उशीर झाला की रुग्णाची कूस तशीच राहते.