तळघरातला न दिसणारा वायू

परदेशी शिकायला गेलेला मुलगा फोनवर सांगतो, "आई, खोली मिळाली. जुन्या घराचं तळघर आहे, पण भाडं कमी आहे." आईला हायसे वाटते. पोराच्या डोक्यावर छप्पर आले, चार पैसेही वाचतील. थंडी वाजते का, जेवणाचे काय, एवढे ती विचारते. पण आणखी एक प्रश्न तिने विचारायला हवा : "त्या घरातला रेडॉन तपासला आहे का रे?"

रेडॉन हा एक वायू आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. जमिनीत आणि खडकांत थोडेफार युरेनियम असते. त्याचे काळाच्या ओघात रेडियम बनते आणि रेडियमपासून हा वायू सुटतो. उघड्यावर तो हवेत विरून जातो. पण थंड मुलखात दारे-खिडक्या बंद करून घर तापवावे लागते. आतली गरम हवा वर चढते आणि तिच्या जागी खालून जमिनीतली हवा ओढली जाते. जुन्या तळघराच्या फरशीला भेगा असतात, दगडी भिंतींचे सांधे उघडे असतात, नळाभोवती फटी असतात. तेथून रेडॉन आत शिरतो व कोंडून राहतो. त्यापासून होणारे किरणोत्सर्गी कण श्वासाबरोबर फुप्फुसात बसतात आणि वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या अंदाजाप्रमाणे त्या देशात दरवर्षी सुमारे २१ हजार माणसे अशा कर्करोगाने मरतात. धूम्रपान करणाऱ्याला हा धोका कितीतरी अधिक असतो.

याची किंमत आधी मोजली ती खाणकामगारांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला अण्वस्त्रांसाठी युरेनियम हवे होते. ते काढायला नवाहो या आदिवासी समाजाचे पुष्कळ पुरुष खाणीत उतरले. खाणीत हवा धड खेळती नव्हती, आणि धोक्याची कल्पना त्यांना कोणी दिली नव्हती. अनेकांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. त्यांच्या विधवा न्यायासाठी उभ्या राहिल्या. भरपाईचा कायदा झाला तो १९९० साली. राबणाऱ्याला माहिती दिली नाही की काय होते, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

राहत्या घरांचा प्रश्न गाजला तो १९८४ च्या डिसेंबरात. स्टॅनली वॉट्रस हे अभियंता पेनसिल्व्हेनिया राज्यात लिमरिकच्या अणुवीज केंद्रात काम करीत. किरणोत्सर्ग ओळखणाऱ्या यंत्राची घंटा त्यांच्यावर वाजू लागली. शोध घेता दोष केंद्राचा नव्हे, त्यांच्या घराचा निघाला! घरातल्या एक लिटर हवेत सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन होता. ४ पिकोक्युरी किंवा अधिक आढळल्यास घर दुरुस्त करा, असे तेथील पर्यावरण खाते सांगते. त्या कुटुंबाने घर सोडले. पण दुरुस्तीनंतर ते त्याच घरी परतले. म्हणजे घर टाकून द्यावे लागत नाही. उपाय आहे.

पहिली पायरी तपासणीची. कोळशाची भुकटी भरलेली लहान डबी दोन ते सात दिवस तळघरात ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवायची. त्या काळात दारे-खिडक्या बंद ठेवायच्या. येण्या-जाण्यापुरतेच दार उघडायचे. शेजारच्या घरात रेडॉन कमी निघाला म्हणून आपल्याही घरात कमीच, असे समजू नये. प्रत्येक घर वेगळे.

प्रमाण जास्त निघाले तर नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. तळघराच्या फरशीला भोक पाडून जाड प्लास्टिकचा पाइप बसवतात, तो छपरावर नेतात आणि त्याला अखंड चालणारा विजेचा पंखा जोडतात. फरशीखालची हवा घरात शिरण्याआधीच ओढून बाहेर सोडली जाते. हा पंखा माळ्यावर वा घराबाहेर हवा, राहत्या खोलीत नको. भेगाही बुजवाव्यात. मग पुन्हा तपासणी करावी. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

भाडेकरूला फरशी फोडता येत नाही, हे खरे. पण डबी आणून तपासणी तो करू शकतो. अमेरिकेत काही राज्यांत ती फुकट किंवा स्वस्तात मिळते. आलेला आकडा घरमालकाला लेखी कळवावा. तोवर शक्य तर वरच्या मजल्यावर झोपावे. घाबरण्याचे कारण नाही. धोका वाढतो तो वर्षानुवर्षे तीच हवा घेतल्याने. चार दिवसांत काही होत नाही.

तेव्हा वाचकहो, तुमचा मुलगा, भाची, पुतण्या तिकडे तळघरात राहत असेल तर पुढच्या फोनवर एवढे विचाराच. कमी भाडे चांगलेच. पण ते फुप्फुसाने फेडायचे नसते.